सांडव्यावरचा दरवाजा आणि वरचे खोरे

भाटघर धरण भरले की दर पावसाळ्यात जवळजवळ एकच बातमी छापून येते. धरण शंभर टक्के भरले, स्वयंचलित दरवाजे उघडले, नीरेत विसर्ग सुरू झाला, नदीकाठच्या गावांनी सावध राहावे. बातमीची नजर धरणाच्या खाली असते. तिथे वीरचे धरण आहे, बारामती आणि फलटणचे कालवे आहेत, ऊस आहे. धरणाच्या वरच्या अंगाला भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या डोंगरांमधून वेळवंडीचे खोरे पसरले आहे. बातमी तिकडे वळत नाही. या दरवाज्यांचा इतिहास अभियांत्रिकीच्या पुस्तकांतही असाच लिहिला गेला: पूर कसा सुरक्षित बाहेर काढला, माणसाशिवाय यंत्र कसे चालले, कल्पकता किती मोठी. ती कल्पकता खरोखर मोठी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण सांडव्यावर दरवाजा बसवण्याचे पहिले कारण पूर नव्हते. भिंत न वाढवता पाणी आणखी काही फूट चढवायचे, हे ते कारण होते. ते काही फूट पाणी वरच्या खोऱ्यातल्या जमिनीवर उभे राहिले. म्हणून भाटघरचा दरवाजा हा जमिनीच्या इतिहासाचाही दस्तऐवज आहे आणि तो धरणाच्या वरच्या बाजूने वाचला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हे नीट कळण्यासाठी पाण्यावरच्या दरवाज्यांची जी दुसरी, अधिक प्रसिद्ध घराणी आहेत त्यांच्याशी तुलना करावी लागते. नौकाकालव्यावरचे लॉक म्हणजे कालव्याच्या दोन पातळ्यांमधला एक बंद हौद. नाव हौदात घ्यायची, दरवाजे लावायचे, हौदात पाणी सोडायचे किंवा काढायचे आणि नाव वर किंवा खाली न्यायची. चीनमध्ये महाकालव्यावर इसवी सन ९८४ मध्ये चियाओ वेइयुए या अधिकाऱ्याने असे लॉक बांधले. त्याचे दरवाजे खोबणीतून सरळ वर उचलले जात. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलान शहरात दोन झडपांचा कोन करणारा दरवाजा आला. त्याचे श्रेय लिओनार्डो दा विंचीला दिले जाते. या झडपा मिटल्या की सरळ रेषेत येत नाहीत. उंच पाण्याकडे टोक करून त्या एकमेकींना टेकतात, त्यामुळे पाणी जितके जोराने रेटते तितक्या त्या घट्ट बसतात. प्रत्येक झडपेचा एक खांब दगडी भिंतीतल्या गोल खोबणीत फिरतो, दुसरा मधोमध जोडीदाराला भिडतो आणि खालची कड दगडी उंबरठ्यावर टेकते. झडपेला लहान खिडक्या असतात. त्या उघडून दोन्हीकडचे पाणी एका पातळीला आणल्याशिवाय दरवाजा हलतच नाही. वर आडवा लांब ओंडका असतो. त्याच्या भाराने झडप तोलली जाते आणि त्यालाच पाठ लावून माणूस ती ढकलतो. या रचनेत पाणी दरवाजा बंद ठेवते, माणूस तो उघडतो. लॉकजवळ रखवालदाराचे घर असते ते याच कारणाने.

हिंदुस्थानात असे दरवाजे आले ते गंगेच्या आणि गोदावरीच्या सपाट प्रदेशात. १८५४ साली सुरू झालेल्या, कॉटली या अभियंत्याच्या गंगा कालव्यावर नावांसाठी लॉक होते. आर्थर कॉटनने गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात जे कालवे काढले त्यांतून माल वाहिला जाई. दख्खनच्या पठारावर ही रचना का रुजली नाही, याचे उत्तर भूगोलात आहे. इथल्या नद्या चार महिने फुगतात आणि उरलेले आठ महिने डोहांपुरत्या उरतात. कालव्यात पाणी येते ते पाळीने. लॉकचा स्वभाव खर्चिक असतो: शंभर फूट लांब, पंधरा फूट रुंद हौदातून नाव आठ फूट उतरवायची म्हटली तर प्रत्येक खेपेला १२ हजार घनफूट पाणी खाली सोडावे लागते. बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात उन्हाळ्याच्या पाळीसाठी वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब मान्य होणे शक्य नव्हते. शिवाय १८५८ मध्ये पुण्याला आगगाडी पोहोचली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सलग झाला. मालवाहतुकीसाठी नावेची गरजच उरली नाही. त्यामुळे इथल्या अभियंत्यांपुढचा प्रश्न वेगळा होता. नाव पातळीवरून पातळीवर न्यायची नव्हती. चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवायचे होते.

१८७६-७७च्या दुष्काळाने हा प्रश्न टाळता येणार नाही इतका उघडा केला. नीरेच्या डाव्या कालव्याचे काम त्या दुष्काळातून पुढे आले आणि १८८५ मध्ये कालव्यात पाणी आले. कालवा सुटतो वीरच्या बंधाऱ्यापासून. पण नुसत्या बंधाऱ्यावर उन्हाळा निभत नाही, म्हणून नीरेला मिळणाऱ्या वेळवंडीवर, भोर शहराजवळ भाटघरला साठवण करायचे ठरले. जागा भोर संस्थानातली, पंत सचिवांच्या मुलखातली. पाणी जायचे ब्रिटिश मुलखातल्या तालुक्यांना. धरणाचे काम जे. ई. व्हायटिंग या अभियंत्याच्या नावाशी जोडले गेले आणि जलाशयाला लेक व्हायटिंग म्हणू लागले. नदीपात्रापासून सुमारे १०० फूट उंचीचे हे चुन्यातले दगडी धरण १८९२ पर्यंत पुरे झाले. त्याच्या पायथ्याशी मोऱ्या ठेवल्या होत्या. पावसाळ्याच्या आरंभी गढूळ पाणी त्यांतून काढून द्यायचे, पाऊस ओसरू लागला की मोऱ्या बंद करून निवळ पाणी साठवायचे, असा तो विचार. दहा वर्षांनी नाईलवर आस्वानला जे धरण उभे राहिले त्याच्या १८० मोऱ्यांमागेही हाच विचार दिसतो. गाळाची भीती दोन्हीकडे सारखीच होती.

पण भाटघरचे खरे वेगळेपण वर, सांडव्यावर होते. सांडव्याचा माथा म्हणजे पाणी ज्या पातळीवरून आपोआप वाहून जाते ती कड. तिथे भिंत वाढवली तर साठा वाढेल, पण महापुराच्या रात्री पाणी निघायला वाट उरणार नाही आणि सगळेच धरण धोक्यात येईल. दरवाजे बसवले तर साठाही वाढतो आणि वाटही राहते. अट इतकीच की पूर आला त्या घटकेला दरवाजा उघडला पाहिजे. सह्याद्रीच्या कुशीत पाऊस किती झपाट्याने चढतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला या अटीचा अर्थ कळतो. रात्री, वाऱ्यात, डझनावारी दरवाजे माणसांनी एकेक करून ओढायचे, तेही पाणी भिंतीच्या माथ्याशी आलेले असताना. लॉकचा रखवालदार इथे अपुरा पडला असता. रेनॉल्ड नावाच्या अभियंत्याने यासाठी जी युक्ती काढली तिचे वर्णन १८९०च्या दशकातल्या परदेशी अभियंत्यांच्या अहवालांतही सापडते. आपल्याकडे स्वयंचलित दरवाज्यांची गोष्ट बहुधा खडकवासल्यापासून, १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी तिथे बसवलेल्या दरवाज्यांपासून सांगितली जाते. विश्वेश्वरय्यांची रचना स्वतंत्र आणि अधिक परिष्कृत होती यात शंका नाही. त्यांनी तिचे पेटंट घेतले, पण सरकारी सेवेत असताना केलेल्या कामाचे मानधन नको म्हणून सरकारकडून पैसे घेतले नाहीत. तरी काळाचा क्रम सांगायचा तर भाटघरचा मान आधीचा आहे.

युक्तीचे मूळ साधे आहे आणि म्हणूनच ती टिकली. लोखंडी दरवाजा चाकांवर, दगडी खांबांमधल्या खोबणीत सरकतो. त्याला साखळी बांधलेली, साखळी कप्पीवरून जाते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला वजन लटकते. ते वजन एका हौदात लोंबत असते. हौद कोरडा असेपर्यंत वजन दरवाज्याला बंद जागी तोलून धरते. जलाशय ठरलेल्या पातळीला आला की तिथल्या तोंडातून पाणी हौदात शिरते. वजन पाण्यात बुडाले की हलके होते. दगड-काँक्रीटचे असेल तर त्याचा सुमारे दोनपंचमांश भार पाणी पेलते. तोल मोडतो आणि दरवाजा आपल्या जागेवरून हलतो. पूर ओसरला, पातळी तोंडाच्या खाली गेली, की हौदात नवे पाणी येणे थांबते, तळाच्या लहान छिद्रातून साचलेले निघून जाते, वजन पुन्हा जड होते आणि दरवाजा बंद होतो. लॉकमध्ये पाण्याचा भार दरवाजा मिटवायला जुंपला होता. इथे तोच उघडायला जुंपला. माणसाचे काम उरले ते पावसाआधी साखळ्यांना वंगण देणे, चाके फिरती ठेवणे, गंज खरवडणे आणि हौदाच्या तोंडात गाळ-कचरा बसू न देणे. हे काम दिसायला किरकोळ, पण ते चुकले तर पुस्तकातला सिद्धांत कितीही बरोबर असला तरी दरवाजा हलत नाही.

आता साठ्याचा हिशेब. खडकवासल्याच्या दरवाज्यांनी पाणी सांडव्याच्या माथ्यावर आठ फुटांपर्यंत धरायचे होते. धरणाच्या उंचीपुढे आठ फूट किरकोळ वाटतात. पण दरीचा आकार तळाला अरुंद आणि वर रुंद असतो. दरी शंकूसारखी धरली आणि खोली १०० फूट मानली, तर वरच्या आठ फुटांत उंचीचा बारावा भागही नसतो, पण साठ्याचा मात्र पाचवा भाग आणि वर थोडे असते. शंभर फूट भिंत बांधायला लागलेल्या खर्चाच्या तुलनेत लोखंडी दरवाजे अगदी स्वस्त पडतात. म्हणजे दरवाजा हे धरणातले सर्वांत किफायतशीर पाणी मिळवून देणारे साधन होते. या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग मात्र क्वचित मांडला जातो. साठा वरच्या फुटांत जास्त असतो तो तिथे पाणी जास्त जमिनीवर पसरते म्हणूनच. तळाची उंची नदीपात्र आणि दगडगोटे बुडवते. वरची उंची काठाची सपाट खाचरे बुडवते. मळईची, पिढ्यान् पिढ्या बांध घालून सारखी केलेली जमीन याच पट्ट्यात असते. स्वस्त पाण्याची किंमत त्या जमिनीने भरली.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: जमीन बुडवली ती धरणाने, दरवाज्यांना वेगळे का काढायचे? भिंतच नसती तर दरवाजाही नसता, हे खरे. पण भिंत आणि दरवाजा पाण्याशी सारखे वागत नाहीत. भिंतीमागचे पाणी कालव्याला जाईपर्यंत तिथेच असते. दरवाज्यामागचे पाणी केव्हा धरायचे आणि केव्हा सोडायचे याला पर्याय असतो. भाटघरच्या दरवाज्यांनी तो पर्याय एकदाच, कायमचा निवडला: पावसाळ्याच्या उत्तरार्धात पातळी शक्य तितकी वर. भोर-वेल्ह्याची शेती या निवडीपुढे ठेवून पाहिली पाहिजे. हा भाताचा मुलूख आहे. आषाढात लावणी होते, भाद्रपद-आश्विनात ओंब्या भरतात. नेमक्या याच दिवसांत जलाशय काठोकाठ असतो. पुढे कालव्याच्या पाळ्या सुरू झाल्या की पाणी उतरते आणि वरचा पट्टा सर्वांत आधी उघडा पडतो. अशा गाळपेर जमिनीवर रब्बीचे काही पिकवता येते, म्हणून ती पूर्ण वाया गेली नाही असा युक्तिवाद करता येईल. बाजरी-ज्वारीच्या मुलखात तो काही अंशी टिकलाही असता. ज्यांचे वर्षाचे धान्य पावसाळ्यातल्या भातावर ठरते त्यांना उतरत्या हिवाळ्यातली जमीन ही भरपाई होत नाही.

पहिले धरण अपुरे पडले. उजव्या कालव्याने फलटण, माळशिरस, पंढरपूरकडे पाणी न्यायचे ठरल्यावर त्याच जागी, जुन्याच्या खालच्या अंगाला, नवे धरण बांधले गेले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्याला मिळाले आणि २७ ऑक्टोबर १९२८ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. उंची १९० फूट, लांबी ५,३०० फुटांहून अधिक. दगडी बांधकामाच्या आकारमानात ते त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या धरणांत गणले जाई. साठा सुमारे २४ अब्ज घनफूट, म्हणजे जुन्या तळ्याच्या चौपटीहून अधिक. जुने धरण नव्या जलाशयाच्या पोटात गेले. नव्या सांडव्यावर ८१ दरवाजे आहेत, त्यांपैकी ४५ स्वयंचलित. पाणी वर किती सरकले ते कांबरे गावाजवळ समजते. तिथले कांबरेश्वराचे जुने शिवमंदिर वर्षाचा बहुतेक काळ जलाशयाखाली असते आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी तळाला गेले की दर्शनाला मोकळे होते. वरच्या बाजूला वेळवंड, पसुरे, भुतोंडे ही गावे. राजगडाच्या दक्षिण उताराचे पाणी या जलाशयात उतरते. आज जलाशयाला भुतोंड्याच्या येसाजी कंकांचे नाव आहे. तेच नाव उचित आहे. याच दशकात, शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला आणि त्याचा इतिहास लिहिला गेला. भाटघरच्या वरच्या खोऱ्याच्या वाट्याला तेवढे लेखन आलेले नाही, आणि संस्थानी मुलखातली जमीन, कालव्याखालचा ब्रिटिश मुलूख, हे त्यामागचे एक मोठे कारण असावे असे मला वाटते. नुकसान एका दप्तरात आणि लाभ दुसऱ्या दप्तरात नोंदला गेला की दोन्हींची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खाली हजारो माणसे दुष्काळाने मेली होती. कालव्याने बारामती-इंदापूरचा पट्टा सावरला, उसाने तिथे समृद्धी आणली. काही खाचरांसाठी हे सगळे अडवायला हवे होते काय? नाही. दुष्काळाचा इतिहास वाचलेला कोणीही असे म्हणणार नाही, आणि धरण झाले नसते तर बरे झाले असते असे मीही म्हणत नाही. पण दुष्काळनिवारणासाठी मिळवलेले पाणी आणि उसासाठी वापरलेले पाणी एकच नव्हे. नीरेच्या डाव्या कालव्याखाली जमीन चोपण-क्षारपड होऊ लागली होती. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे या कृषिशास्त्रज्ञांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला तो त्यामुळेच. म्हणजे लॉइड धरणाचे काम रंगात येण्याआधीच हे माहीत झाले होते की खाली पाणी कमी पडते आहे तसेच काही ठिकाणी ते जास्तही होते आहे. खाली जमीन पाण्याने बिघडत असताना वर आणखी जमीन पाण्याखाली घालणे, या निर्णयाची तपासणी दुष्काळाचे नाव घेऊन संपत नाही. विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर पाणी गटागटाने, पिके फिरवून देण्याची पद्धत सुचवली होती. पाणी वाढवण्याइतकेच ते वाटण्याला महत्त्व आहे हे त्यांना दिसले होते. दरवाजे बसवणे मात्र वाटपाची शिस्त लावण्यापेक्षा नेहमीच सोपे ठरले.

राहिला आजचा आक्षेप: हे दरवाजे आता जुने झाले, पूर व्यवस्थापनाला निरुपयोगी, कारण त्यांना फक्त आपल्या धरणाची पातळी कळते. वर पावसाचा अंदाज काय, खाली नीरा आधीच भरलेली आहे का, वीरमधून किती सुटते आहे, यांतले काहीच हौदात लटकलेल्या वजनाला ठाऊक नसते. हा आक्षेप मला बरोबर वाटतो. अंदाज पाहून आधीच थोडे थोडे पाणी सोडणे आणि ऐन पुरात जागा राखणे हे स्वयंचलित दरवाज्याला जमत नाही. मात्र माणसाच्या हाती दरवाजा दिला की सगळे सुरळीत होते असेही नाही. वेल्हे तालुक्यातल्याच पानशेतला दरवाज्यांची आणि विमोचकाची कामे पुरी व्हायच्या आत धरणात पाणी साठू दिले गेले, आणि १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटून जो पूर आला तो पुण्याने भोगला. दरवाज्याची गुणवत्ता त्याच्या लोखंडाइतकीच तो कोणत्या घाईत आणि कोणासाठी बसवला यावर ठरते.

पण या आक्षेपातून वरच्या खोऱ्यासाठी एक गोष्ट निष्पन्न होते, आणि तिच्याकडे लक्ष वेधणे मला गरजेचे वाटते. स्वयंचलित दरवाज्याने पातळीचा निर्णय एकदाच घेतला. तो हौदाच्या तोंडाच्या उंचीत दगडात बसवला गेला आणि त्यानंतर दर पावसाळ्यात कोणी कोणाला विचारायचा प्रश्नच उरला नाही. विजेवर, अंदाजावर, वेळापत्रकावर चालणारे दरवाजे आले की पातळी दरवर्षी ठरवावी लागते. ऑगस्टात किती जागा रिकामी ठेवायची, सप्टेंबरात किती भरायची, काठची भातखाचरे कापणीपर्यंत कोरडी राहतील का, हे प्रश्न मग विचारता येतात. आज कालवा सल्लागार समितीत चर्चा होते ती पाळ्यांची, लाभक्षेत्राच्या मागणीची. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी या तिन्ही जलाशयांच्या काठची गावे त्या मागणीत बसत नाहीत, कारण ती लाभक्षेत्रात नाहीत. त्यांना पातळीच्या निर्णयात जागा द्यायला नवा कायदा लागणार नाही. सांडव्याच्या माथ्यावरची प्रत्येक फूट उंची कोणत्या गावाची किती जमीन किती दिवस पाण्याखाली ठेवते, याचा नकाशा त्या बैठकीच्या टेबलावर असला तरी सुरुवात होते.